प्रसूतीच्या वेळची तातडीची गर्भाशय-शस्त्रक्रिया आणि नंतरचे अंडाशयाचे कार्य : भोपाळच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव कोणत्याही उपायाने थांबत नाही, तेव्हा मातेचा जीव वाचविण्यासाठी गर्भाशय काढून टाकावे लागते. भोपाळमध्ये घरातली माणसे "बच्चेदानी निकाल दी" असे म्हणतात. मराठी घरांत "पिशवी काढली" असे म्हणतात. शस्त्रक्रिया यशस्वी होते, स्त्री घरी येते आणि तिची मासिक पाळी कायमची बंद होते. येथेच एक मोठा गैरसमज सुरू होतो. पाळी गेली म्हणजे स्त्रीचे वय संपले, संप्रेरके आटली, रजोनिवृत्ती आली, असे स्वतः ती स्त्री, तिचे नातेवाईक आणि काही वेळा स्थानिक उपचार करणारेही मानून चालतात. प्रत्यक्षात पाळी गर्भाशयातून येते, तर स्त्रीसंप्रेरके अंडाशयात तयार होतात. गर्भाशय गेले तरी अंडाशय आपले काम करीत राहू शकतात. मात्र ते किती वर्षे करतील, आणि थांबले तर ते कसे कळणार, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

भोपाळची पार्श्वभूमी

स्त्रियांच्या आरोग्यासाठी स्वतंत्र व्यवस्था करण्याची परंपरा भोपाळमध्ये जुनी आहे. नवाब शाहजहान बेगम यांच्या काळात येथे स्त्रियांसाठी लेडी लॅन्सडाऊन रुग्णालय सुरू झाले. त्यांच्या कन्या सुलतान जहान बेगम यांनी १९०१ ते १९२६ या काळात राज्यकारभार पाहिला. सुइणींना शास्त्रीय प्रशिक्षण मिळावे यासाठी त्यांनी प्रयत्न केले, आरोग्य व बालसंगोपन या विषयांवर उर्दूत लेखन केले, आणि १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या त्या पहिल्या कुलपती झाल्या. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे सुलतानिया जनाना रुग्णालय अनेक दशके शहरातील प्रमुख सरकारी प्रसूती रुग्णालय राहिले. १९५५ मध्ये गांधी वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाल्यावर हे रुग्णालय त्याच्याशी जोडले गेले. २०१२ पासून शहरात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही कार्यरत आहे.

यामुळे सीहोर, रायसेन, विदिशा, राजगढ अशा जिल्ह्यांतील अवघड प्रसूतीचे रुग्ण भोपाळकडे पाठविले जातात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार मध्य प्रदेशातील सुमारे ९१ टक्के प्रसूती रुग्णालयात झाल्या. ही समाधानाची बाब आहे. तरीही २०१८–२० या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूचे प्रमाण मध्य प्रदेशात १७३ होते. त्याच काळात ते देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होते. रुग्णालयात दाखल होणे आणि योग्य वेळी योग्य रुग्णालयात पोहोचणे, या दोन गोष्टींतील अंतर या आकड्यांतून दिसते. जी स्त्री उशिरा पोहोचते, तिच्या बाबतीत गर्भाशय वाचविण्याचे साधे उपाय करण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

गर्भाशय काढण्याची वेळ का येते

पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त वाहत असते. वार सुटल्यानंतर गर्भाशयाचे स्नायू घट्ट आवळले जातात आणि उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन रक्त थांबते. हे आवळणे झाले नाही, म्हणजेच गर्भाशय सैल राहिले, तर काही मिनिटांतच स्त्रीचा जीव धोक्यात येतो. मध्य प्रदेशातील निम्म्याहून अधिक गर्भवती स्त्रियांना रक्तक्षय असतो, हे लक्षात घेतले म्हणजे धोक्याची तीव्रता कळते. ज्या शरीरात रक्त मुळातच कमी आहे, त्याला थोडा रक्तस्रावही पेलत नाही.

दुसरे कारण म्हणजे गर्भाशय फाटणे. अडलेली प्रसूती फार वेळ रेंगाळली किंवा पूर्वीच्या सिझेरियनचा व्रण उसवला, तर असे घडते. तिसरे कारण म्हणजे वार गर्भाशयाच्या भिंतीत खोल रुतून बसणे. हे कारण सिझेरियनच्या वाढत्या संख्येशी निगडित आहे. अमेरिकेतील २००६ च्या एका मोठ्या अभ्यासात, वार गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या स्त्रियांमध्ये ती रुतण्याचे प्रमाण पहिल्या सिझेरियनच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्या वेळी ११ टक्के, तिसऱ्या वेळी ४० टक्के आणि चौथ्या वेळी ६१ टक्के आढळले. २०१९–२१ च्या उपरोक्त पाहणीत सिझेरियनचे प्रमाण मध्य प्रदेशात सुमारे १२ टक्के, तर महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के होते. एका ठिकाणी गरज असताना सिझेरियन न मिळाल्याने गर्भाशय फाटते, तर दुसऱ्या ठिकाणी एकामागून एक झालेल्या सिझेरियनमुळे वार रुतते. दोन्ही वाटा अखेरीस याच शस्त्रक्रियेकडे येऊ शकतात.

या शस्त्रक्रियेचा उगम

इटलीतील पाविया येथे १८७६ मध्ये एदुआर्दो पोर्रो या शल्यविशारदाने सिझेरियननंतर गर्भाशय काढून टाकले आणि माता व बालक दोघेही वाचले. त्या काळी सिझेरियन म्हणजे मातेचा जवळजवळ निश्चित मृत्यू, अशी स्थिती होती. त्यामुळे पोर्रोची पद्धत युरोपभर गाजली. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, पोर्रोने आपल्या शस्त्रक्रियेला दिलेल्या नावातच गर्भाशय आणि अंडाशय या दोन्हींच्या छेदनाचा उल्लेख होता. तेव्हा संप्रेरकांचे शास्त्र जन्माला आलेले नव्हते. अंडाशय हा केवळ संततीसाठी असलेला अवयव समजला जाई, आणि गर्भाशय गेल्यावर त्याचा उपयोग काय, असा विचार होणे स्वाभाविक होते. पुढे अंडाशयातील संप्रेरकांचे हाडे, हृदय, रक्तवाहिन्या, त्वचा, झोप व मनःस्थिती यांच्याशी असलेले नाते उलगडत गेले. आज तातडीच्या शस्त्रक्रियेत अंडाशय जागेवर ठेवणे हाच नियम आहे. अंडाशयाच्या बाजूच्या रक्तवाहिनीतून रक्त थांबत नसेल, तेव्हाच एका बाजूचे अंडाशय नाइलाजाने काढावे लागते. एक अंडाशय शिल्लक राहिले तरी संप्रेरकांची गरज सामान्यतः भागते.

अंडाशयाचा रक्तपुरवठा

अंडाशयाला रक्त दोन बाजूंनी मिळते. एक रक्तवाहिनी पोटातील महाधमनीतून थेट खाली येते. दुसरी गर्भाशयाच्या धमनीची शाखा असते. दोन्ही एकमेकींना जोडलेल्या असतात. एखाद्या शेताला विहिरीचे आणि कालव्याचे असे दोन्हीकडून पाणी मिळावे, तशी ही व्यवस्था आहे. गर्भाशय काढताना कालव्याची वाट बंद होते, विहीर मात्र राहते. काही स्त्रियांत महाधमनीकडून येणारा पुरवठा मुख्य असतो; त्यांच्या अंडाशयांना फारसा फरक पडत नाही. काहींत गर्भाशयाकडून येणारा वाटा मोठा असतो; त्यांच्या अंडाशयांना एकाएकी ओढग्रस्त भासू लागते. कोणत्या स्त्रीची रचना कशी आहे, हे शस्त्रक्रियेआधी सांगता येत नाही. एकाच प्रकारची शस्त्रक्रिया झालेल्या दोन स्त्रियांपैकी एकीला काहीच त्रास होत नाही आणि दुसरीला चाळिशीच्या आतच त्रास सुरू होतो, याचे एक संभाव्य कारण हे आहे.

अभ्यासांतून काय दिसते

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अंडाशय राखून गर्भाशय काढलेल्या सुमारे अडीचशे स्त्रियांची पाच वर्षे पाहणी करण्यात आली. तितक्याच संख्येच्या, शस्त्रक्रिया न झालेल्या स्त्रियांशी त्यांची तुलना केली. पाच वर्षांत पहिल्या गटातील सुमारे २१ टक्के आणि दुसऱ्या गटातील सुमारे ७ टक्के स्त्रिया रजोनिवृत्त झाल्या. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांत रजोनिवृत्ती सरासरी ३.७ वर्षे आधी येते, असा अंदाज त्यातून निघाला. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच अभ्यासात चार वर्षांनंतर हे प्रमाण अनुक्रमे सुमारे १५ व ८ टक्के होते, आणि फरक सुमारे दोन वर्षांचा होता.

या आकड्यांचा अर्थ दोन्ही बाजूंनी नीट समजून घ्यावा लागतो. बहुसंख्य स्त्रियांची अंडाशये शस्त्रक्रियेनंतरही वर्षानुवर्षे चालू राहिली, ही दिलासा देणारी बाजू आहे. दुसरी बाजू अशी की, भारतीय स्त्रियांत रजोनिवृत्ती मुळातच ४६–४७ व्या वर्षाच्या सुमारास येते. त्यातून दोन ते चार वर्षे वजा झाली तर ती ४५ च्या आत जाते, आणि ४५ च्या आतील रजोनिवृत्ती ही वैद्यकशास्त्रात अकाली समजली जाते.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. उपरोक्त दोन्ही अभ्यास प्रसूतीशी संबंधित नसलेल्या, आधी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांचे आहेत. त्यांतील स्त्रिया बहुतेक चाळिशीच्या आसपासच्या होत्या. काहींच्या गर्भाशयाचा मूळ आजारच अंडाशयांवर परिणाम करणारा असू शकतो. प्रसूतीच्या वेळी शस्त्रक्रिया झालेली स्त्री बहुधा २५ ते ३५ वर्षांची असते, तिच्या अंडाशयांतील बीजांचा साठा मोठा असतो आणि गर्भारपणात तिच्या अंडाशयाच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. या गोष्टी तिच्या बाजूच्या आहेत. पण अतिरक्तस्राव, रक्तदाब फार खाली जाणे, जंतुसंसर्ग आणि घाईत घातलेले जादा टाके या गोष्टी तिच्या विरोधात जाणाऱ्या आहेत. म्हणून इतर शस्त्रक्रियांचे निष्कर्ष जसेच्या तसे तिला लावता येत नाहीत. तिच्यावर वेगळे लक्ष ठेवणेच योग्य ठरते.

तपासणी केव्हा करावी

अंडाशयाच्या कार्याचा अंदाज मुख्यतः दोन रक्ततपासण्यांवरून येतो. एफएसएच हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येते. अंडाशय थकले की त्याला चेतविण्यासाठी ही ग्रंथी अधिक जोर लावते आणि एफएसएच वाढते. एएमएच हे संप्रेरक अंडाशयातील लहान बीजपुटिकांतून येते. शिल्लक साठ्याचा अंदाज त्यावरून करतात.

मात्र प्रसूतीनंतर लगेच केलेल्या तपासण्या दिशाभूल करतात. गर्भारपणात एफएसएच दबलेले असते आणि एएमएच घटलेले असते. स्तनपान चालू असेपर्यंत अंडाशये विश्रांती घेत असतात. प्रत्येक मातेच्या बाबतीत ही स्थिती नैसर्गिक आहे. म्हणून शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच आकडे पाहून "अंडाशय निकामी झाले" असे म्हणणे चुकीचे, आणि "सर्व ठीक आहे" असे म्हणणेही घाईचे. स्तनपान कमी झाल्यावर, साधारणपणे सहा महिने ते एका वर्षानंतरची तपासणी अधिक विश्वासार्ह ठरते, आणि पुढे लक्षणांनुसार ती पुन्हा करता येते.

दोष अंडाशयाचा की पीयूषिकेचा

अतिरक्तस्रावाचा आणखी एक परिणाम येथे लक्षात ठेवावा लागतो. गर्भारपणात पीयूषिका ग्रंथी आकाराने वाढते, पण तिचा रक्तपुरवठा त्या प्रमाणात वाढत नाही. रक्तदाब एकदम कोसळला की तिच्या पेशी मरतात. हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्यास शीहानचा विकार म्हणतात. भारतात हा विकार दुर्मिळ नाही. काश्मीर खोऱ्यातील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, प्रसूती झालेल्या वीस वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे तीन टक्के स्त्रियांत तो असल्याचा अंदाज आला.

या विकारात अंडाशये निरोगी असूनही झोपून राहतात, कारण त्यांना जागे करणारा संदेशच येत नाही. बाळंतपणानंतर दूध न येणे ही त्याची पहिली खूण. पुढे पाळी न येणे, सतत थकवा, थंडी सहन न होणे, काखेतील केस गळणे ही लक्षणे येतात. गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीत पाळी आली नाही की शंका येते. गर्भाशय काढलेल्या स्त्रीत ही खूणच उरत नाही. म्हणून "दूध आले का?" हा साधा प्रश्न अशा स्त्रीला आवर्जून विचारला पाहिजे. रक्ततपासणीने फरक कळतो. दोष अंडाशयाचा असेल तर एफएसएच वाढलेले असते. दोष पीयूषिकेचा असेल तर ते वाढत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पीयूषिकेच्या विकारात शरीराला अत्यावश्यक असलेले कॉर्टिसॉल आणि थायरॉइडचे संप्रेरकही कमी पडते, आणि उपचार न झाल्यास साध्या तापातही जीवावर बेतू शकते.

पाळी नसताना रजोनिवृत्ती कशी ओळखावी

इतर स्त्रियांना रजोनिवृत्तीची वर्दी पाळीच देते. गर्भाशय काढलेल्या स्त्रीला ती वर्दी मिळत नाही. तिच्या अंडाशयांचे काम एखाद्या वर्षी शांतपणे थांबते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून पुढील लक्षणे तिला व घरच्यांना माहीत असावीत : अंगातून एकाएकी गरम वाफा निघणे, रात्री घामाने जाग येणे, योनिमार्ग कोरडा पडून वेदना होणे, लघवीची वारंवार जळजळ, झोप न लागणे, कारण नसताना चिडचिड किंवा उदासी, सांधेदुखी. यांपैकी प्रत्येक लक्षणाला दुसरी कारणेही असू शकतात. पण ३५–४० वर्षांच्या, गर्भाशय काढलेल्या स्त्रीत ती एकत्र दिसली, तर एफएसएचची तपासणी करावी.

घरात याचे वाईट पडसाद उमटतात. उदास राहणाऱ्या स्त्रीला "आता मूल होणार नाही म्हणून मनाला लावून घेतले" असे सांगितले जाते. मूल गमावल्याचे किंवा पुढे मूल न होण्याचे दुःख खरेच असते. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या दुःखाआड संप्रेरकांची उणीव लपून राहते आणि तिचा उपचार राहून जातो. तिच्या हाडांची झीज वेळेआधी सुरू होते आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

उपचार उपलब्ध आहेत. अकाली रजोनिवृत्ती सिद्ध झाली आणि स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होण्याचा पूर्वेतिहास नसेल, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात. गर्भाशय नसल्यामुळे या स्त्रीला सोबत प्रोजेस्टेरॉन घ्यावे लागत नाही. पुरेसे कॅल्शियम, ड जीवनसत्त्वासाठी ऊन आणि रोजचे चालणे ही पथ्ये स्वस्त व सर्वांच्या आवाक्यातील आहेत. घराबाहेर कमी पडणाऱ्या स्त्रियांनी उन्हाकडे विशेष लक्ष द्यावे. तातडीच्या शस्त्रक्रियेत अनेकदा गर्भाशयाचे तोंड जागेवर ठेवले जाते. अशा स्त्रीने त्या भागाच्या कर्करोगाची नियमित तपासणीही चालू ठेवावी.

गैरसमज आणि संमती

महाराष्ट्रात २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची पाहणी झाली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील अनेकींच्या शस्त्रक्रिया इतर उपचारांनी भागण्याजोग्या तक्रारींसाठी झाल्या होत्या, आणि त्यावर योग्य ती टीका झाली. परंतु अशा बातम्यांमुळे प्रत्येक गर्भाशय-शस्त्रक्रियेकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, तर अनर्थ होईल. बीडमधील स्त्रीला वेळ होता, पर्याय होते. प्रसूतिगृहात रक्त वाहत असलेल्या स्त्रीला ते नसतात. तेथे नातेवाइकांनी सहीसाठी घातलेला अर्धा तासाचा वाद तिच्या जिवावर येतो.

त्याच वेळी संमतीचा प्रश्न बाजूला सारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात स्पष्ट केले की, सज्ञान व शुद्धीवर येऊ शकणाऱ्या स्त्रीचे गर्भाशय व अंडाशय केवळ नातेवाइकाच्या संमतीने काढता येत नाहीत. जीव वाचविण्यासाठी तत्काळ करणे भाग असेल तेवढाच अपवाद. ज्या गर्भवतीची पूर्वी दोन-तीन सिझेरियन झाली आहेत किंवा जिची वार खाली आहे, तिच्याशी व तिच्या पतीशी ही शक्यता आधीच शांतपणे बोलून ठेवणे, हाच यावरील उत्तम मार्ग आहे.

गर्भाशय वाचविता आले तर

गर्भाशय वाचले तर हा सारा प्रश्नच उद्भवत नाही. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी कंडोम, नळी आणि सलाइन यांचा वापर करून गर्भाशयाला आतून दाब देण्याची अल्प खर्चाची पद्धत काढली. २००३ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि अनेक गरीब देशांनी ती स्वीकारली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१ देशांतील २०,००० हून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडचे इंजेक्शन प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे दिसले. आफ्रिकेतील चार देशांत झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, खुणा केलेल्या पिशवीत रक्त मोजणे आणि लगेच सर्व उपचार एकत्र देणे, एवढ्यानेच गंभीर परिणामांचे प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. यांतील एकही उपाय मोठ्या शहरापुरता नाही. सीहोर किंवा रायसेनच्या रुग्णालयात रक्त वेळेवर मोजले गेले, तर भोपाळच्या शस्त्रक्रियागृहापर्यंत जाण्याची वेळ कमी स्त्रियांवर येईल.

निष्कर्ष

तातडीची गर्भाशय-शस्त्रक्रिया ही मातेला मिळालेली जीवनाची दुसरी संधी आहे. ती नाकारणे घातक आहे. तिच्यामुळे स्त्रीचे स्त्रीत्व संपत नाही; बहुतेक स्त्रियांची अंडाशये पुढेही काम करतात. काहींची मात्र वेळेआधी थांबतात, आणि पाळी नसल्यामुळे ते कळत नाही. म्हणून घरी पाठविताना दिल्या जाणाऱ्या कागदावर तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात : अंडाशये ठेवली आहेत की काढली आहेत, गर्भाशयाचे तोंड ठेवले आहे की नाही, आणि पुढील तपासणी केव्हा करावयाची. हा कागद घरातील महत्त्वाच्या कागदांबरोबर जपून ठेवावा. दहा वर्षांनी ती स्त्री दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांपुढे बसेल, तेव्हा तिच्या थकव्याचे आणि न लागणाऱ्या झोपेचे कारण शोधण्यास तोच कागद उपयोगी पडेल.